बाराव्या पलंगाचा हिरवा रंग

या, जवळ सरका. नव्यानं वस्तीत आलेले तुम्ही सगळे शेगडीच्या या बाजूला या. आज एका हिरव्या पलंगाची गोष्ट सांगतो. तिच्यात भूत नाही की दरोडेखोर नाही, तरी सांगताना माझे हात अजून गार पडतात.

आपल्याकडे पलंग हिरवेच असतात आणि सगळे एकसारखे, हे तुम्ही पाहिलंच आहे. रंगावरून पलंग कुणाचा ते ओळखू आलं, की माझं-तुझं घरात शिरलंच म्हणून समजा. त्या वर्षी नव्या घरासाठी बारा पलंग रंगवायचं काम माझ्याकडे आलं. साय काढलेलं दूध, विरवलेला चुना आणि हिरवी पूड, एवढंच सामान. पण हा रंग दिवसभरात नासतो आणि आजच्या घाण्याचा हिरवा उद्याच्याशी जुळत नाही. म्हणून शेवटचा हात सगळ्यांना एकाच दिवशी द्यायचा. लाकूड आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, म्हणजे ते रंग घटाघटा पीत नाही. कुंचला या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता न्यायचा. आणि बादली सतत तळापासून ढवळायची, नाहीतर पूड खाली बसते.

सगळं पाठ होतं मला. पण दुपारी प्रार्थनाघरात रविवारच्या गाण्यांची तालीम सुरू झाली, आणि गाऊन सांगितलेला उपदेश म्हणजे माझा जीव की प्राण! ऐकता ऐकता ढवळायचं राहिलं. गाणं थांबलं तेव्हा मागं वळून पाहिलं, तर चार पलंग फिके, पाणचट. तळाचा गडद रंग फिरवून ते कसेबसे सारखे केले, पण बारावा पलंग कोरडाच राहिला. पूड होती, चुना होता, दूध संपलं होतं.

मी दूधघराकडे निघालो. तिथं बहिणींचं, म्हणजे वस्तीतल्या बायकांचं राज्य. भावानं एकट्यानं जायचं नाही, आणि आतल्या एकटीशी बोलायचं तर नाहीच नाही.

आत मर्सी एकटी होती.

मर्सी पूर्वी माझी बायको. आम्ही दोघं एकाच दिवशी इथं आलो, लग्न दाराबाहेर ठेवलं आणि भाऊ-बहीण झालो. चार वर्षांत तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. प्रार्थनेला समोरच्या रांगेत दिसायची, तेवढंच मला पुरायचं. ज्या जोडप्याची जुनी ओढ सुटत नाही, त्यांच्यातल्या एकाला दोन दिवसांच्या वाटेवरच्या दुसऱ्या वस्तीत धाडतात. तशी एक गाडी जाताना मी पाहिली होती.

"अमोसभाऊ! परत फिरा," ती कुजबुजली.

"थोडं साय काढलेलं दूध दे... द्या, ताई."

"ते वासरांना गेलं. उरलंय ते सायीचं."

"सायीचंच द्या."

"आणि रंग बिघडला म्हणजे? तुमची घाई काही देवाच्या घरी येऊनही सुटली नाही."

तिनं डावानं जमेल तेवढी साय बाजूला केली, भांडं माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "खोकला कसा आहे?"

"बरा आहे."

एवढंच.  पण परतताना प्रत्येक खिडकीत कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं.

सकाळी पाहतो तो काय, बारावा पलंग घामेजल्यासारखा डागाडागांनी चमकत होता. सायीनं दगा दिला होता. खरवडायला घेणार, तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. योथामबाबा, आम्हा भावांचे वडीलधारे. त्यांनी एकेका पलंगावरून तळवा फिरवला. अकरा झाले. बाराव्यावर हात थांबला.

"काय रे अमोस, हा लोणी खाऊन झोपला की काय?"

मला हसू येईना. 

"सायीचं दूध कुठून आणलंस?"

"दूधघरातून."

"कुणी दिलं?"

डोळ्यांपुढं ती गाडी उभी राहिली. आत मर्सी, मांडीवर गाठोडं. मी म्हणालो, "कुणी नाही. आत कुणी नव्हतं. मी चोरलं."

बाबांनी बोटांचं तेलकट हिरवं सदऱ्याला पुसलं.

"मर्सीनं काल संध्याकाळीच बहिणींच्या वडीलधाऱ्या बाईंपाशी कबुली दिली. दूध, खोकला, सगळं सांगितलं. बाईंनी हसून सोडून दिलं. अरे, तुझ्या खोकल्याची चौकशी तर मीही करतो! फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"बाबा, मी भ्यालो. तिला पाठवतील म्हणून."

"तिच्यासाठी तू माझ्यापुढं, म्हणजे देवासमोर, खोटं बोललास. मग ओढ सुटली असं मी कसं म्हणू?"

"मला पाठवा मग."

"तुझ्या छातीला तो प्रवास झेपायचा नाही," बाबा म्हणाले. ते काठी टेकत पायरीकडं वळले.

तिसऱ्या दिवशी मर्सीला न्यायला गाडी आली. मी खिडकीशी बारावा पलंग खरवडत होतो. हात थांबवायची हिंमत झाली नाही. चाकांचा आवाज पुलापर्यंत ऐकू आला, मग नाही.

ती तिकडंच वारली म्हणतात. आजचं गाणं सुरू होईल तेव्हा, बाळांनो, मनात एकदा मर्सीचं नाव घ्या. तिनं काहीही लपवलं नव्हतं.