विहिरीचा विसावा

नातीचं, दीपिकाचं, लग्न झालं त्या साली आमच्या चिंचपोकळीच्या चाळीला लागून टॉवर झाला आणि त्यांनी बोअर मारली.

चाळीत विहीर आहे. दिवेलागणीनंतर तिच्यात बादली सोडायची नाही, तिला झरू द्यायचं, हा नियम माझ्या थोरल्या जाऊबाई अनसाबाईंनी लग्न होऊन आल्यापासून राखला. त्यांच्या आईला गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नसत. "माझी शेवटची आंघोळ हिच्याच पाण्याने घाला," असं त्या म्हणत.

टॉवरचा पंप रात्रंदिवस चाले. विहिरीचा तळ दिसू लागला तशी आम्ही तक्रार केली. पालिकेचे साहेब आले, त्यांनी मीटर, परवाना, समिती असे पर्याय मोजून दाखवले. टॉवरचा सेक्रेटरी म्हणाला, "आजी, विहीर तुमचीच. पण खालचं पाणी आमच्या प्लॉटमधलं आहे."

"गावचा पाटील निदान तोंडावर हाकलायचा रे," अनसाबाई म्हणाल्या. "तू एवढा शिकून खालून ओढतोस?"

साहेबांनी टॉवरचा चहा घेतला आणि सेक्रेटरीलाच समितीचा अध्यक्ष केलं. समितीचा पहिला ठराव असा झाला की विहिरींना रात्री विसावा द्यावा. बोअरबद्दल त्यात अक्षर नव्हतं. आमचाच नियम शिक्का मारून आम्हालाच दिला.

अनसाबाई गेल्या तेव्हा विहिरीत तांब्याभरही पाणी नव्हतं. सेक्रेटरीने माणुसकी म्हणून आपल्या पंपाचा पाइप पाठवला. तो आम्ही परत केला आणि शेजारच्या चाळीतून कळशी आणली.

अनसाबाई २०२३ साली, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी वारल्या.