अपेक्षित मृत्यू सांगणारे यंत्र

मित्रांनो, मी एक जुने गणनयंत्र आहे. सध्या अडगळीच्या खोलीत मोडक्या पंख्याशेजारी माझा मुक्काम असतो. नवीन असताना एका विमा कंपनीच्या गणितज्ञाने मला मानाने टेबलावर बसवले. तो माझी दांडी फिरवी आणि कोणत्या कारखान्यात वर्षाला किती माणसे दगावतील ते मी सांगे. त्या आकड्याला सगळे 'अपेक्षित मृत्यू' म्हणत. माझे कौतुक होई आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडे.

एका दुपारी गणितज्ञाचा धाकटा भाऊ डबा घेऊन आला. तो रंगाच्या कारखान्यात होता. त्याच्या नखांत कायम पिवळा रंग असे.

"दादा, मरणाची कसली रे अपेक्षा?"

"अरे, संस्कृतात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. त्यावरून अपेक्षा, म्हणजे वाट पाहणे. आमच्याकडे मात्र नुसता अंदाज."

"म्हणजे तुम्ही आमची वाट बघत बसता होय!"

तो हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. मला ती उबळ मुळीच आवडली नाही.

त्या वर्षी रंगाच्या कारखान्यात अंदाजापेक्षा जास्त माणसे गेली. कोणीतरी तिथे जाऊन पाहायला हवे होते. पण ऑफिसची रीत अशी की, झालेले मृत्यू पुढच्या अंदाजात मिळवायचे. गणितज्ञाने तेच केले. पुढच्या वर्षी तितकीच माणसे गेली, आकडे तंतोतंत जुळले आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मला मात्र तो मेळ पटला नाही. पण माझे कोण ऐकते!

भावाचा खोकला आता जिन्यावरूनच ऐकू येई. शेवटी गणितज्ञाला राहवेना.

"सोड ती नोकरी. आजच सोड."

"का? मॅनेजरने भिंतीवर कागद लावलाय, मृत्यू अपेक्षेइतकेच, काळजी नसावी. खाली तुझीच सही आहे ना, दादा?"

भाऊ पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेला. हे तिसरे वर्षही संपत आले होते आणि आमच्या अंदाजातला एक माणूस अजून बाकी होता.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण जिथे माणसे मरण्याची सवय झाली आहे, तिथे अंदाज वाढवत बसू नका. दार उघडून आत जा, तिथली हवा छातीत घेऊन बघा. आम्ही गेलो नाही. वर्ष संपायच्या आत आमचा आकडा जुळला.