वाघवाल्या मावशीचे भाचे

आमची मावशी कधी नव्हतीच. तरी तिने एका वाघाला लाटण्याने असा हाणला की तो बिचारा पुढे जन्मभर दूध पिऊन राहिला. घर भाड्याने मागायला आलो तेव्हा मी शिंपी, हा घड्याळजी. दोन तरण्याताठ्या पुरुषांना कोण खोली देणार? म्हणून मी मावशी जन्माला घातली आणि आम्ही मावसभाऊ झालो. घरमालकीणबाईंना ती इतकी आवडली, की मी तिला एकेक नवा पराक्रम शिवून देत गेलो.

परवा आंघोळीला स्टुलावर बसलो तो उठताच येईना. खुब्याखालचे पाय माझं ऐकत नाहीत. घड्याळजीने काखेत हात घातले, पण त्याचे हात आता चमचा धरतानाही थरथरतात आणि मी घंटाघराएवढा जड. तेवढ्यात म्हाताऱ्यांना घरी मदतनीस द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी बाई आल्या. मी टॉवेल आवळला. न्हाणीच्या दारातूनच त्यांनी सगळं पाहिलं.

"यांना रोज माणूस लागेल," त्या घड्याळजीला म्हणाल्या. "हे तुमचे कोण?"

मागून मालकीणबाई उत्तरल्या, "सख्खे मावसभाऊ. वाघवाल्या मावशीचे."

"मग अवघड आहे. घरात रक्ताचं माणूस असलं की आम्ही मदतनीस देत नाही."

माझा धीर सुटला. "बाई, मावशी नव्हतीच. हा माझा भाऊ नाही. आम्ही जोडप्यासारखे राहतो, इथेच म्हातारे झालो."

मालकीणबाई पोट धरून हसल्या. "मदतनिसासाठी बघा काय काय रचतात. अहो, तसली माणसं मी घरात एक दिवस तरी ठेवली असती का?"

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळजीला हळूच विचारलं, "काका, खरं काय?"

त्याने मालकीणबाईंकडे पाहिलं, मग आमच्या खोलीकडे.

"भाऊच आहे. लहानपणापासून थापाड्या."

दोघी गेल्या. त्याने दाराला कडी घातली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"रागावलास?"

"छे. पण लहानपणी तू मला पाहिलंस कुठे?"

"गप बस. उठवतो तुला."

त्याने पुन्हा काखेत हात घातले, मी त्याच्या मानेला मिठी घातली. दोघांनी मिळून जोर लावला. हललं ते फक्त स्टूल.