काठोकाठ

“वास तर बरा येतोय,” म्हातारा म्हणाला, आणि शेगडीच्या टेबलाला त्यानं कमरेनं असा सणसणीत धक्का दिला, की काठोकाठ भरलेल्या पातेल्यातला रस्सा उसळून शेगडीवर, फरशीवर आणि आचाऱ्याच्या डाव्या पावलावर सांडला. शेगडी फस्स करून विझली.

“जहाज हललं,” म्हातारा शांतपणे म्हणाला.

झालं! हीपण नोकरी गेली, आचाऱ्याच्या मनात आलं.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिथं पातेलं भरून ठेवलं नाही, तर शेवटच्या पाळीचे कामगार त्याच्या नावानं खडे फोडायचे. मग कारखान्याला टाळं लागलं आणि हा घरी बसला. घरी बसलेला आचारी म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. मीठ कमी आहे, आच मोठी आहे, दिवसभर चालूच! परदेशी कंपन्यांना जहाजांवर स्वयंपाकी हवेत असं ऐकून त्यानं या वयात त्याचा कोर्सही केला. पहिला एजंट ऑफिसला कुलूप लावून पसार झाला, दुसऱ्यानं नुसत्या थापा मारल्या. हा तिसरा, आणि त्यानं रांधायच्या परीक्षेला या म्हाताऱ्यापुढं उभं केलं होतं. हेही हुकलं तर मेव्हण्याच्या दुकानात पोती उचलायची, आणि मेव्हणा त्याची वाटच बघत होता.

पण हात काही मनासाठी थांबत नाहीत. त्यानं आधी गॅस बंद केला. खिडकी उघडली. फडक्यानं धरून पातेलं खाली ठेवलं, कुणी घसरू नये म्हणून फरशी पुसली, आणि मगच पावलावर गार पाणी ओतलं.

“काय रे, राग नाही आला?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“आला ना! चांगलाच आला. पण गॅस चालू होता.”

म्हातारा खो खो हसला. “तुझ्या आधीचे दोघं माझ्या अंगावर धावून आले, आणि शेगडी आपली फुसफुसतेय! जन्मभर जहाजावर रांधलंय मी. तिथं आग लागली तर पळणार कुठं? जा, कागदपत्रं घेऊन ये. आणि हे बघ, यापुढं पातेलं अर्धंच भरायचं.”

जिन्यात येऊन आचारी मटकन खाली बसला. छातीवरचा धोंडा उतरला होता. एकटाच हसला, आणि मग कुठं पाऊल झोंबायला लागलं.

बायकोनं दार उघडलं ते पावलाकडेच बघत. “अगं बाई! हे काय करून आलात?”

“नोकरी लागली.”

“पाय भाजून?”

“पाय भाजला म्हणूनच.”

सगळं ऐकून ती खुर्चीत टेकली. “सुटलो बाई एकदाचे! थांबा, दादाला फोन करते. म्हणावं, तुझी पोती तूच उचल.” मग डोळे पुसत, त्या म्हाताऱ्याला शिव्या घालत तिनं पावलाला मलम लावलं.

चहा मात्र त्यानंच केला. दोन कप टेबलावर ठेवून ओतला.

“हे काय, अर्धाच?”

“सवय करतोय. तिकडं असंच असतं.”

“किती दिवस तिकडं?”

“नऊ महिने.”

त्याच्या हातातली किटली घेऊन तिनं त्याचा कप काठोकाठ भरला. “तिकडचं तिकडं. अजून घरात आहात.”

कप इतका भरला होता, की उचलायची सोय नव्हती. आचाऱ्यानं वाकून कपालाच ओठ लावले. टेबलाला धक्का लागू नये म्हणून बायको खुर्ची जरा मागं घेऊन बसली.