भिंतीलगतचा वाफा

बायकोच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ती पाच महिने मुलीकडे राहायला गेली, तेव्हा मागच्या अंगणातल्या बागेचा ताबा माझ्याकडे आला. चाळीस वर्षं मी लेथवर काढली. लोखंड मला कळतं. झाड म्हणजे काहीतरी हिरवं, एवढंच माझं ज्ञान. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की तिला आता वाकायचं नाही, खुरपं तर विसराच. मग मी ठरवलं, ती येईपर्यंत बाग अशी करायची की तिला कशाला हातच लावायला नको.

नर्सरीवाला बोलायला गोड. "वेडेलिया घ्या, काका. जमिनीवर पसरत जातं. पाणी नको, खत नको. लावा आणि विसरा. वर पिवळी फुलंही येतात."

भिंतीलगतचा लांब वाफा रिकामाच होता. नुसती वाळकी पानं पडली होती. मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. वाफा हातभर खणला, माती चाळली, वर पाणसळ ठेवून सपाटी बघितली. खालून आलं-हळदीसारख्या गाठी निघाल्या, दोन बादल्या भरून. त्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. मग पट्टी धरून नऊ-नऊ इंचांवर वेडेलियाच्या काड्या टोचल्या. एवढं झाल्यावर स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायलो.

तीन महिन्यांत मातीचा ठिपका दिसेना. शेजारीण म्हणाली, "काका, तुमच्या हाताला गुण आहे हो." मी फुगलो.

उन्हाळा चढला तसा बायकोचा फोन आला. "अहो, भुईचाफा आला का? भिंतीलगतचा? थंडीत तो पार सुकतो, वर काही दिसत नाही. आता बघा, पानांच्या आधी नुसती फुलं येतील मातीतून."

मला त्या दोन बादल्या गाठी आठवल्या. "अजून नाही," मी म्हणालो.

तो भुईचाफा तिच्या आईने दिलेला. आई गेली. ते घर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली. आईने दिलेली भांडी फुटली, साड्या विरल्या, हा एवढा राहिला होता. हे सगळं मला माहीत होतं, चाळीस वर्षं ऐकत होतो. फक्त तो बागेत नेमका कुठे आहे, हे मी कधी वळून बघितलं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय.

कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं तर तो हसला. नर्सरीवाला म्हणाला, "मागवून देतो की दुसरा." पण तो कोणाच्या आईचा?

एखादी गाठ खाली राहिली असेल, या आशेने मी वेडेलिया उपटायला बसलो. ते निघेना. प्रत्येक पेराला मुळं, आणि तुटलेला तुकडा जिथे पडेल तिथे आठवड्यात नवा कोंब. यंत्राने कापलं तर तुकडे वाटेवर उडाले आणि तिथेही रुजले. रोज सकाळी मी बोटांनी माती चाचपायचो. एकच गाठ सापडली, ती दाबताच पिचली, आत नुसतं पाणी. रोज संध्याकाळी फोन यायचा आणि मी म्हणायचो, "अजून नाही." शेवटी हात टेकले. पंधरा दिवसांत उपटलेली जागाही भरून आली.

रविवारी मुलगी तिला सोडून गेली. वॉकर टेकत ती थेट मागे आली आणि वाफ्यापुढे थांबली. मी चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. पण तीच आधी बोलली.

"हे तुम्ही केलंत?" तिचे डोळे भरून आले. "मला वाकता येणार नाही म्हणून?"

मी मान हलवली.

"एवढं कधी कोणी केलं नाही हो माझ्यासाठी." तिने पदराने डोळे पुसले. "बरं, आता दाखवा. कुठे हलवलंत त्याला?"

"कोणाला?" मी उगाच विचारलं.

"भुईचाफ्याला. हे लावायच्या आधी काढून ठेवला असेलच ना तुम्ही. कुंडीत आहे का? म्हणूनच उशीर झाला असेल त्याला."

माझ्या उत्तराची वाट न बघता ती वॉकर पुढे टाकत कुंड्यांच्या रांगेकडे निघाली. पहिल्या कुंडीपाशी थांबून, कमरेवर हात दाबून, ती हळूहळू वाकायला लागली, आणि मला तिला थांबवताही येईना.