तारीख नसलेला राजीनामा

आमची गिरणी बाजाराच्या पूर्वेकडच्या दारात. सकाळी बायका चुन्यात शिजवलेला मका बादल्यांतून घेऊन येतात, मी त्याचं ओलं पीठ दळून देते. पूर्वी हे काम मेलितोनचं, माझ्या नवऱ्याचं.

लोसानो नावाच्या बिल्डरला बाजार पाडून तिथे गाड्यांचा तळ करायचा होता. मेलितोन अकरा दिवस दारात बसला आणि बुलडोझर परत गेला. पेपरात फोटो आला. इथल्या मोठ्या पक्षात तेव्हा दोन गटांची जुंपली होती. एकाचा माणूस दुसऱ्याला नको. मग ज्याची कुणालाच भीती नाही असा गिरणीवाला त्यांनी उचलला आणि मिचोआकान राज्याचा पक्षाध्यक्ष करून टाकला. माझ्या भोळ्या नवऱ्याला वाटलं, हा लोकांनी दिलेला मान.

वर्षाच्या सुरुवातीला, शपथेआधी, मागच्या खोलीत एक कागद पुढे आला. राजीनामा, तारखेची जागा कोरी.

"आमच्यात सगळेच देतात," राजधानीतून आलेला पक्षाचा सचिव आर्रियागा म्हणाला.

मेलितोननं हसत सही ठोकली. "बरंच झालं, ओफेलिया. कंटाळा आला की सुटलो!"

एप्रिलमध्ये लोसानो पुन्हा उठला. मेलितोननं पक्षाचा अध्यक्ष म्हणून कोर्टात अर्ज केला आणि पाडकामाला स्थगिती मिळवली. बाजारात त्या दिवशी फटाके वाजले. अध्यक्षपदाचं तेवढंच एक सुख मी पाहिलं.

मे महिन्यात नगरपालिकांच्या उमेदवारांची यादी आली. आमच्या गावाच्या महापौरपदासाठी नाव होतं लोसानोचं. मेलितोनच्या सहीशिवाय निवडणूक कचेरी यादी घेणार नव्हती. त्यानं पेन बाजूला ठेवलं आणि फोनवर सांगितलं, "मी राजीनामा देतो."

रविवारी आर्रियागा घरी हजर. मी मोले, म्हणजे वाळक्या मिरच्यांचा दाट रस्सा, आणि भात वाढला. मेल्यानं दोनदा मागून घेतला.

"राजीनामा परत कशाला, अध्यक्षसाहेब? तो आहेच की माझ्याकडे. तारीख तेवढी घालायचीय. मार्चची घालीन म्हणतो."

मला समजायला एक क्षण लागला. मार्चपासूनच हा अध्यक्ष नव्हता असं ठरलं, तर एप्रिलचा अर्ज फुकट. स्थगिती उठणार, बुलडोझर येणार.

"आणि हे बोलणं घराबाहेर गेलं तर त्याच दिवशी तारीख पडेल. सेन्योरा, मोले झकास झालाय हं."

तो गेल्यावर मेलितोननं ताट बाजूला सारलं. "सही केली तर लोसानो निवडून येऊन बाजार पाडणार. नाही केली तर आठवड्यातच पाडणार. तू सांग."

मला का विचारतोस, असं ओरडावंसं वाटलं. राग आला त्याचा, फार राग आला. मी म्हणाले, "कर सही. निवडणुकीपर्यंत तरी दुकानं उभी राहतील."

त्यानं केली. मग आर्रियागाला फोन लावून म्हणाला, "आता तरी मला सोडा." पलीकडचं हसू मलाही ऐकू आलं. "आत्ता? आत्ता कुठे तुम्ही कामाला लागलात!"

आठवड्याभरात बाजाराच्या भिंतीवर पोस्टर लागलं. लोसानो आणि मेलितोन, हातात हात, दोघांचे हात वर.

दुसऱ्या दिवशी रांगेत क्रिसान्ता पुढे होती. वाळक्या मिरच्या विकते, माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. बादली ठेवली, पण सोडली नाही.

"कोमाद्रे, तो असा नव्हता गं. कुणी गळा धरलाय का त्याचा? नुसतं हो म्हण, मी सगळ्यांना गप्प करते."

मागच्या बायका कान टवकारून उभ्या. तेवढं 'हो' या रांगेत पडलं असतं तर दुपारपर्यंत अख्ख्या गावात झालं असतं, आणि त्या कागदावर तारीख पडली असती.

"कुणी नाही धरला," मी म्हणाले. "सही कर असं मीच सांगितलं."

क्रिसान्तानं माझ्याकडे पाहिलं, बादली उचलली आणि चौकापलीकडच्या गिरणीकडे निघाली. तिच्यामागून एकेक बादली उचलली गेली. यंत्र रिकामंच फिरत होतं, ते मी बंद केलं.