वाट खुली

डोंगराच्या पायथ्याशी आमची कचेरी आहे आणि कचेरीच्या दारात एक फळा. वर जाणारी वाट आज खुली की बंद, ते रोज सकाळी मी त्यावर लिहिते. अक्षर माझं, पण शब्द वीस वर्षं माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा होता. तो उजाडताच मधल्या कातळापर्यंत जायचा, हातमोजा काढून दगडावर तळवा टेकायचा आणि खाली येऊन मला सांगायचा. निसरडं असलं तर तिथल्या कठड्याला लाल चिंधी बांधून यायचा.

भर थंडीचं भय नाही, तेव्हा बर्फ दिसतो तरी. घात करते ती थंडीची सुरुवात. दुपारच्या उन्हात वरचा कोवळा बर्फ वितळतो, पाणी कातळावरून ओघळतं आणि पहाटे त्याची काच होते. बघणाऱ्याला वाटतं, दगड नुसता ओला आहे.

यंदा साहेबांनी कातळासमोर कॅमेरा बसवला आणि दादाला घरी बसवलं. "हात लावून बघायचे दिवस गेले," म्हणाले. स्वतः साहेब हीटरपासून दोन पावलं लांब गेले तरी शिंकतात.

त्या सकाळी दादा तरीही कचेरीत आला.

"चिमे, बंद लिही. काल दुपारभर पाणी वाहत होतं."

साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "स्वच्छ दिसतोय कातळ. खुली लिहा. जमत नसेल तर सांगा, दुसरं कुणी बघू."

घरात कमावणारी आता मी एकटीच उरले होते. मी खडू उचलला, 'वाट खुली' लिहिलं आणि खाली सही ठोकली. दादाने खिशातली चिंधी चाचपली आणि वर चालू लागला. त्याला थांबवावं असं मला वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. चिंधी बांधली जाईल, माझं पाप झाकलं जाईल!

कठड्याला हात पोचायच्या आतच त्याचा पाय सटकला. तो पाय डॉक्टरांना गुडघ्याखाली कापावा लागला.

आठवड्याने चौकशी झाली. वरून आलेल्या अधिकाऱ्याने मला एकच विचारलं, "त्या दिवशी वाट सुरक्षित होती का?" साहेब शेजारी बसून मन लावून पेन्सिलीला टोक काढत होते. होती म्हटलं, तर दादा स्वतःच्या हलगर्जीपणाने पडला असं ठरणार. नव्हती म्हटलं, तर माझी सही खोटी.

"होती," मी म्हटलं.

वीस वर्षं वाट सांभाळणारा माणूस कागदावर निष्काळजी ठरला आणि मी तेवढी कर्तव्यदक्ष. लाज वाटली, पण नोकरी टिकली.

आज सकाळी पडद्यावर कातळ तसाच काळाभोर चमकत होता. मी मुकाट्याने 'वाट खुली' लिहिलं आणि दुपारी इस्पितळात गेले. चौकशीचं दादाच्या कानावर आलं होतं. वाटलं, आता माझी खरडपट्टी काढेल. त्याने फक्त पांघरूण नीट केलं, जिथे पाय नव्हता तिथलं.

"आज काय लिहिलंस गं फळ्यावर?"

"बंद," मी धडधडीत खोटं बोलले.

"शहाणी माझी," दादा म्हणाला आणि निवांत डोळे मिटून पडला.